हा विनय कोणत्या निकायाचा?

बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर काही शतकांतच भिक्षुसंघात अनेक निकाय, म्हणजे पंथ, झाले. परंपरा अठरा सांगते. भिक्षूंच्या आचारनियमांचे विनयपिटक मात्र आज सहाच निकायांचे पूर्ण मिळते. थेरवादाचे पालीत आहे. धर्मगुप्तक, महीशासक, महासांघिक आणि सर्वास्तिवाद यांची चिनी अनुवादात, तर मूलसर्वास्तिवादाचे तिबेटीत टिकले. कार्ल्याच्या शिलालेखात महासांघिकांना आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत भद्रयानीयांना दान दिल्याची नोंद आहे. त्यांपैकी भद्रयानीयांचा विनय आपल्यापर्यंत पोचलाच नाही, ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट.

ग्रंथावर निकायाचे नाव नसेल, तर अभ्यासक आधी प्रातिमोक्षाचे, म्हणजे विनयातल्या मूळ नियमावलीचे, नियम ताडून पाहतात. भिक्षूंसाठीची पाराजिके, म्हणजे संघातून कायमचे बाहेर काढणारे अपराध, सगळीकडे चारच. फरक पडतो तो शैक्ष नियमांत, म्हणजे चीवर कसे नेसावे, कसे जेवावे अशा बारीकसारीक शिस्तीत. थेरवादात हे नियम 75 आहेत, धर्मगुप्तकांत 100. या शंभरांतले 26 स्तूपाजवळ कसे वागावे याबद्दलचे आहेत. पालीत त्यांतला एकही नाही.

पण एवढ्यावर निकाल लावता येत नाही. इ.स. 489 मध्ये संघभद्र या भिक्षूने कँटनमध्ये विनयावरची एक टीका चिनीत आणली. ती थेरवादी टीकाकार बुद्धघोषाच्या ‘समन्तपासादिका’ या पाली विनयटीकेचा अनुवाद आहे, हे जपानी विद्वान जुन्जिरो ताकाकुसू यांनी 1896 मध्ये दाखवले. मग ती थेरवादी, असे म्हणून मोकळे होता आले असते. पुण्याचे पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह तिचे इंग्रजी भाषांतर केले. भांडारकर संस्थेने ते 1970 मध्ये छापले. पालीशी ताडून पाहताना मूळापासून दूर जाणाऱ्या, धर्मगुप्तकांकडे झुकणाऱ्या जागा दिसू लागल्या. सर्वांत बोलकी जागा शैक्ष नियमांपाशी आहे. स्तूपात मुक्काम करू नये, तिथे वस्तू ठेवू नयेत, हे नियम सांगून चिनी मजकूर लगेच म्हणतो की, हे मूळ भारतीय प्रतीत नाहीत, कारण तथागत हयात असताना स्तूपच नव्हते.

चीनमधले भिक्षू दुसऱ्या निकायांचे विनय पाळत होते. त्यांच्यासाठी अनुवाद करताना त्यांचे नियम आत येणे साहजिक होते. माझ्या मते अशा ग्रंथावर एकाच निकायाची मोहोर उमटवणे चूक आहे. पाया थेरवादी, वरची भर दुसऱ्यांची, असेच म्हणावे लागते. त्या पायाचा संबंध श्रीलंकेतल्या महाविहार या मठाशी की अभयगिरी या दुसऱ्या मठाशी, यावर विद्वानांत मतभेद आहेत.