कोपर वर, पण कुठलं? रिकव्हरीतलं की कॅचमधलं?

पोहण्याच्या कुठल्याही तलावावर संध्याकाळच्या बॅचला थोडा वेळ उभं राहिलं की काठावरून एक हाक हमखास कानावर येते: "कोपर वर घे रे, कोपर वर!" लेनमधला मुलगा ते ऐकतो आणि पुढच्या स्ट्रोकला हात पाण्याबाहेर काढताना कोपर आणखी उंच नेतो. सर मान डोलावतात, पुढच्या लेनकडे वळतात. मुलाचा वेग मात्र होता तिथेच राहतो.

फ्रीस्टाइलमध्ये कोपर दोन ठिकाणी उंच ठेवायचं असतं. हात पाण्याबाहेरून पुढे येतो तेव्हा, म्हणजे रिकव्हरीत; आणि पुढे पाण्यात शिरलेला हात पाणी पकडू लागतो तेव्हा, म्हणजे कॅचमध्ये. दोन्हीकडे कोपर पंज्याच्या वर हवं, एवढंच काय ते साम्य. बाकी कामं वेगळी, चुका वेगळ्या आणि ड्रिल्सही (स्ट्रोकचा एकेक भाग घोटायचे सराव) वेगळ्या. तरी सर्रास एकाची ड्रिल करून दुसरं सुधारायची वाट पाहिली जाते. हौशी पोहणाऱ्यांचा ड्रिलमधला बराच वेळ यातच वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. काठावरून दिसतं ते पाण्याबाहेरचं कोपर, म्हणून दुरुस्तीही त्याचीच होते. वेग ठरतो तो पाण्याखालच्या कोपरावर.

आधी पाण्याबाहेरचं बघू, कारण ते सोपं आहे. रिकव्हरीत हात हवेत असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यामुळे शरीर पुढे ढकलायचं तर हात पाण्यातच हवा. हवेतला हात कितीही देखणा फिरवला तरी त्यातून पुढे जाण्याचं बळ मिळत नाही. त्याचं काम एवढंच, की शरीराची रेघ न मोडता परत पुढच्या जागी यायचं आणि तेवढ्यात खांद्याला जरा सैल सोडायचं. कोपर वाकलेलं असलं की पंजा अंगाजवळून येतो. हात बाजूने मोठी चक्कर मारत आला की कंबर आणि पाय उलट दिशेला सरकतात आणि पोहणारा सापासारखा वळवळत जातो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. रिकव्हरीतलं कोपर खांद्याच्या जोरावर उंच होत नाही, ते अंग कुशीवर वळल्यामुळे होतं. पालथं सपाट पडून कोपर पाठीमागे ओढलं तर खांद्याच्या सांध्यात स्नायूचा दोर चिमटतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत खांदा कुरकुरायला लागतो. "कोपर वर" ऐकून मुलं नेमकं हेच करतात.

आणि रिकव्हरीत कोपर वाकलेलंच हवं, हाही काही अटळ नियम नाही. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स चणीने लहान, हात जवळजवळ ताठ ठेवून गरगर फिरवायची. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. ४०० मीटर फ्रीस्टाइलमधला तिचा ४ मिनिटं ३.८५ सेकंदांचा विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला आणि १९८९ मध्ये ८०० मीटरमध्ये केलेला २००८ पर्यंत. ऑस्ट्रेलियाचा मायकेल क्लिमही ताठ हातांचा. सिडनीला २००० साली रिलेची पहिली १०० मीटर त्याने ४८.१८ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पोहून दिली. आपल्याकडे मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धेला उतरणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. लाटा असल्या की फार खालून आणलेला पंजा पाण्याला अडतो, तिथे हात थोडा उघडा आणि उंच आणलेला बरा.

रिकव्हरीत अशी मोकळीक आहे. कॅचमध्ये ती जवळजवळ नाही.

कॅच म्हणजे नेमकं काय, हे सावकाश बघू. बोटं आधी पाण्यात शिरतात, हात पुढे लांबतो आणि पृष्ठभागाच्या वीतभर खाली थांबतो. आता बोटं तळाकडे वळतात, मनगट त्यांच्यामागोमाग किंचित झुकतं आणि कोपरापासून पुढचा हात उभा होऊ लागतो. या सगळ्यात कोपर आहे तिथेच, पृष्ठभागाजवळ राहतं. हात उभा झाला की तळवा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, दोन्ही मागच्या भिंतीकडे तोंड करून असतात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाने पाणी धरलं की मग शरीर त्या हातापलीकडे पुढे नेता येतं. जोर लावायचा तो यानंतर, आधी नाही.

चूक होते ती अशी. हात पुढे लांबतो आणि कोपर खाली पडतं. पंजा वर, कोपर खाली. मग हात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो. खाली दाबलं की छाती आणि डोकं वर उचललं जातं, पाय बुडतात. आता पोहणारा अधिक ताकद लावतो, अधिक दाबतो, पाय अधिक बुडतात. पंचवीस मीटरला धाप लागणाऱ्या कितीतरी तगड्या माणसांचं दुखणं हेच असतं. दम कमी पडतो असं त्यांना वाटतं आणि ते आणखी लॅप्स मारतात.

पाण्यात न पोहताही हे अनुभवता येतं. उथळ बाजूला काठाकडे तोंड करून उभे राहा, दोन्ही तळवे काठावर टेका आणि अंग वर उचलून बाहेर या. कोपर आपोआप हातांच्या वर जातं, कारण तसं गेल्याशिवाय अंग उचललंच जात नाही. आता मुद्दाम कोपर खाली लोंबती ठेवून चढून बघा. जमत नाही.

या कोपरासाठी नाव घ्यायचं तर ऑस्ट्रेलियाच्या इयान थॉर्पचं. पाण्याखालून घेतलेल्या त्याच्या चित्रफितींत हात पुढे लांबलेला, कोपर पृष्ठभागालगत आणि पंजा तळाकडे, हे चित्र स्पष्ट दिसतं. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ४०० मीटर ३ मिनिटं ४०.०८ सेकंदांत पार केली. तो विश्वविक्रम २००९ मध्ये मोडला, पण एका शतांश सेकंदाने, आणि तोही पाण्यावर तरंगायला मदत करणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोशाखात. ते पोशाख २०१० पासून स्पर्धांतून बाद झाले.

आता ड्रिल्स. फिंगरटिप ड्रॅग सगळ्यांना माहीत असते: हात पुढे आणताना बोटांची टोकं पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत न्यायची. झिपरमध्ये अंगठा मांडीपासून काखेपर्यंत कुशीला घासत आणायचा. दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्ही रिकव्हरीच्या. हात सैल सोडणं, कोपराने पुढाकार घेणं आणि अंगाचं वळणं त्यांतून कळतं. कॅचबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. फिंगरटिप ड्रॅग सुरेख करणारा पोहणारा पाण्याखाली कोपर पाडून जात असतो, हे दृश्य अजिबात दुर्मीळ नाही. उलट या ड्रिलमध्ये सगळं लक्ष वरच्या हातावर असल्यामुळे पुढचा हात निष्काळजीपणे दाबला जाण्याचा संभव जास्त.

कॅचसाठी मी तीन ड्रिल्स सांगेन, आणि त्यातही पहिली मुठीची. दोन्ही हातांच्या मुठी वळून फ्रीस्टाइल पोहायचं. पंजा नाहीसा झाल्यावर पाणी धरायला उरतो तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. कोपर पडलं की तो सरळ निसटतो, तुम्ही जागच्या जागी हात फिरवत राहता. कोपर वर राहिलं तर मूठ असूनही पुढे सरकता. घाई केली की ही ड्रिल बिघडते. हात भराभर फिरवून निसटणं झाकता येतं, म्हणून संथच पोहायचं. अर्धी लेन मूठ आणि उरलेली अर्धी उघडा पंजा असं केलं की पंजा उघडल्याक्षणी पाणी एकदम जड लागतं. ते जड लागणंच शिकायचं आहे.

दुसरी स्कलिंग. मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरायचा, दोन्ही हात पुढे, कोपरं पृष्ठभागाजवळ, बोटं तिरकी खाली. आणि कोपरं न हलवता हात आत-बाहेर फिरवत सावकाश पुढे सरकायचं. पुढे जाण्याचा वेग नगण्य असतो, म्हणून लोकांना कंटाळा येतो आणि ते पाय मारायला लागतात. पाय मारले की ड्रिल संपली. तिसरी डॉगी पॅडल: हात पाण्याबाहेर काढायचाच नाही, पाण्याखालूनच पुढे लांबवायचा आणि पुन्हा पकडायचा. रिकव्हरीच काढून टाकल्यामुळे मन फक्त कॅचवर राहतं. समोर लावायचा स्नॉर्केल (श्वासाची नळी) मिळाला तर उत्तम, कारण मग श्वासासाठी मान वळवावी लागत नाही आणि आपलाच हात डोळ्यांनी बघता येतो.

श्वासाचं वेगळं सांगायला हवं. बहुतेकांचं कोपर प्रत्येक स्ट्रोकला पडत नाही. पडतं ते श्वास घेताना. तोंड उजवीकडे वळलं की पुढे असलेला डावा हात आधारासाठी पाणी दाबतो. तोंड परत पाण्यात येईपर्यंत तो हात पोटाखाली पोचलेला असतो, कॅच झालेलाच नसतो. मित्राला वॉटरप्रूफ पाउचमधल्या मोबाइलने पाण्याखालून, समोरून एक चित्रफीत काढायला सांगा आणि फक्त हाच क्षण थांबवून बघा. काठावरून ओरडणाऱ्या कुठल्याही सरांना हे दिसू शकत नाही. दोष त्यांचा नाही, ते उभेच अशा जागी असतात. आधी तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्या, आणि चौकटीत दुसरं कुणी येणार नाही हे पाहा.

या दोन कोपरांचा संबंध मुळीच नाही असं मात्र नाही. ती जोडली जातात हात पाण्यात शिरतो तिथे. रिकव्हरी आखडलेली असली की पंजा डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून पलीकडे पडतो, किंवा अंगठा आधी पाण्यात जातो. तिथून हात उभा करणं जवळजवळ अशक्य, आणि जबरदस्तीने केलंच तर खांदा आतल्या बाजूला पिळला जातो. म्हणून पंजा खांद्याच्या रेषेत, बोटं आधी, एवढं जमेपर्यंत झिपर करावी. ते जमलं की झिपरला रजा देऊन वेळ मुठीकडे वळवावा.

कॅच-अप ड्रिलचा उल्लेख इथे करतो, कारण तिच्या नावामुळे लोक तिला कॅचची ड्रिल समजतात. एक हात पुढे थांबवून दुसरा त्याला येऊन भेटतो, ही वेळ साधायची ड्रिल आहे. पुढचा हात सपाट ताठ ठेवून ती वर्षभर केली तरी कॅच शिकता येत नाही.

एका सत्रासाठी माझा साधा क्रम असा: गरम होण्यासाठी २०० मीटर आरामात, मग २५ मीटरच्या चार फेऱ्या स्कलिंग, चार फेऱ्या मूठ आणि पंजा आलटूनपालटून, आणि लगेच ५० मीटरच्या चार फेऱ्या पूर्ण फ्रीस्टाइल, प्रत्येक लांबीत किती हात मारले ते मोजत. वेळ तेवढाच ठेवून हात कमी झाले तर कॅच धरतोय. हात कमी झाले पण वेळ वाढला, तर तुम्ही फक्त घसरत थांबताय. पंज्याला बांधायची प्लास्टिकची पॅडल्स सुरुवातीला नकोत; वापरलीच तर छोटी घ्या आणि मनगटाची पट्टी काढून टाका, म्हणजे हात चुकीचा शिरला की पॅडल सुटून येईल.

हे सगळं सत्राच्या सुरुवातीला, खांदे ताजे असताना करायचं. थकलेला खांदा कोपर वर धरू शकत नाही, आणि थकव्यात शंभरदा केलेला पडलेला कॅचच अंगात मुरतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी हातांची ड्रिल बंद, किक बोर्ड धरून फक्त पाय मारा. दोन-तीन दिवसांनीही तसंच राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.