पाहुण्यांची ओळख जुळवणारे खेळ : यजमानांसाठी माहितीपत्रक

साखरपुडा असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो किंवा एखाद्या देवस्थानच्या कुळाव्यांचे, म्हणजे तेथील देवाला कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांचे, स्नेहसंमेलन असो, सभागृहात शिरलेला पाहुणा आधी ओळखीचा चेहरा शोधतो आणि तो सापडला की पाने वाढेपर्यंत त्याच्याच शेजारची खुर्ची सोडत नाही. वरपक्ष एका भिंतीला, वधूपक्ष दुसऱ्या भिंतीला आणि मधली फरशी मोकळी, हे दृश्य आम्ही गोव्याच्या फोंडा तालुक्यातील सभागृहांत अनेकदा पाहिले आहे. हल्ली ज्यांना ‘आइसब्रेकर’ म्हणतात, ते खेळ ही मधली फरशी भरण्यासाठी असतात. आपल्या माणसांना बोलायला आवडते. अनोळखी माणसाकडे उठून जायला निमित्त तेवढे हवे असते, आणि ते निमित्त देणे एवढेच खेळाचे काम आहे. म्हणून बक्षिसे, गुण आणि हार-जीत यांवर खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुष्कळ यजमान एकेकाच्या हाती माइक देऊन ओळख करून देण्याचा आग्रह धरतात. चाळीस पाहुण्यांनी प्रत्येकी एक मिनिट घेतले तरी चाळीस मिनिटे जातात, ऐकणाऱ्याच्या लक्षात शेवटची दोन-चार नावे राहतात आणि संकोची माणसाला मात्र आपली पाळी येईपर्यंत चैन पडत नाही. चाळीस जणांत दोघादोघांच्या 780 जोड्या होतात. तेवढ्या ओळखी एका संध्याकाळी होणे शक्य नाही. पाच जणांच्या गटात मात्र जोड्या दहाच असतात आणि दहा मिनिटांत त्या सगळ्या बोलून होतात. आमचे बहुतेक खेळ याच हिशेबावर बेतलेले आहेत.

आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो तो ‘फरशीवरचा गोवा’. खुर्च्या कडेला सारून आम्ही फरशीवर दोन दोरखंड अंथरतो, एक मांडवी नदी आणि दुसरी जुवारी नदी. व्यासपीठ म्हणजे समुद्र आणि मागची भिंत म्हणजे सह्याद्री, असे ठरवले की व्यासपीठाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उजव्या टोकाला उत्तरेचा पेडणे तालुका येतो आणि डाव्या टोकाला दक्षिणेचा काणकोण. दोन दोऱ्यांच्या मध्ये तिसवाडी आणि फोंडा, मागच्या भिंतीजवळ सत्तरी, धारबांदोडा, सांगे. प्रत्येकाने आपल्या मूळ गावाच्या जागी जाऊन उभे राहायचे, एवढाच नियम. जागा शोधतानाच विचारपूस सुरू होते, कारण डिचोलीचा माणूस नेमका कुठे उभा राहील हे ठरवायला त्याला बार्देश आणि सत्तरीच्या माणसांना हटकावेच लागते. सावंतवाडीचे पाहुणे पेडण्याच्या पलीकडे जातात, कारवारचे काणकोणच्या पलीकडे; मुंबईहून आलेल्यांनाही आपले मूळ गाव आठवावे लागते. सगळे स्थिरावले की आम्ही एकच प्रश्न देतो : शेजारच्या माणसाला त्याच्या गावची जत्रा कधी असते ते विचारा. या प्रश्नाला उत्तर नाही असा माणूस क्वचितच भेटतो, आणि जत्रेवरून बोलणे देवावर, देवावरून कुळावर आणि कुळावरून नात्यावर कधी येते ते कळतही नाही.

जागा लहान असेल तर चिठ्ठ्यांचा खेळ चालतो. दाराशी कोकम सरबत देतानाच प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी आणि तिची जोडीची चिठ्ठी ज्याच्याकडे असेल त्याला शोधायला सांगावे. खतखत्याच्या भाजीला तिरफळ, पातोळ्यांना हळदीचे पान, घुमट या वाद्याला साथीचे शामेळ. कुळाव्यांचा मेळावा असेल तर देवतेला तिच्या देवळाचे गाव : शांतादुर्गेला कवळे, म्हाळसेला म्हार्दोळ, सप्तकोटेश्वराला नार्वे. दोन्ही पक्षांकडे वेगवेगळ्या अर्ध्या चिठ्ठ्या जातील एवढी काळजी घेतली की उरलेले काम आपोआप होते.

येथे आमच्याकडून झालेली एक चूक सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. एका साखरपुड्यात आम्ही ओळीने सर्व स्त्रियांना उखाणा घ्यायला सांगितले. माइक ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्या बाईंचे पती काही महिन्यांपूर्वीच वारले होते. त्यांनी माइक शांतपणे पुढे दिला, पण सभागृह गप्प झाले आणि त्यांना जे सोसावे लागले ते आम्हाला परत घेता आले नाही. तेव्हापासून उखाणा आम्ही फक्त हौसेने पुढे येणाऱ्यांकडूनच घेतो. वय, पगार, लग्न, अपत्य यांवर बेतलेला कोणताही खेळ आम्ही ठेवत नाही आणि यजमानांनी सुचवला तरी नम्रपणे नकार देतो. स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगून खोटी ओळखायला लावणारा ‘दोन खरे, एक खोटे’ हा खेळ मित्रमंडळींत आणि कार्यालयात रंगतो. व्याही-विहिणींच्या पहिल्या भेटीत तो नको.

खेळ जेवणाआधी घ्यावा, परंतु भूक लागेपर्यंत लांबवू नये. वीस मिनिटे पुरेशी असतात आणि रंगात आलेला असतानाच थांबवलेला बरा. ज्येष्ठांना उभे राहणे जमत नसेल तर त्यांची खुर्ची त्यांच्या तालुक्यात नेऊन ठेवावी. सूचना मराठीत दिल्या तरी उत्तरे कोकणीत येतात आणि ती तशीच येऊ द्यावीत. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई असल्याने माइकवरचे खेळ त्याआधी संपवावे लागतात.

नोंदणी करताना पाहुण्यांची अंदाजे संख्या, सभागृहाची लांबी-रुंदी, आणि घरात नुकतेच काही दुःखद घडले असल्यास तेही आम्हाला खासगीत अवश्य कळवावे. चिठ्ठ्या त्यानुसार लिहिल्या जातात आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आपल्याला वाचून दाखवल्या जातात.