छातीतली कळ आणि हार्ट अटॅक

छातीत कळ येणं हे हार्टच्या आजाराचं सगळ्यात ओळखीचं लक्षण, आणि आपल्याकडे "गॅस झालाय" म्हणून अंगावर काढलं जातं तेही हेच. हार्टच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, एखाद दिवशी तो थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो, हाच हार्ट अटॅक. रक्त न मिळालेला स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि मेलेला परत जिवंत होत नाही, म्हणून इथे वेळेला एवढी किंमत आहे.

बऱ्याच जणांना आधी इशारा मिळतो, त्याला अंजायना म्हणतात. विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ साली त्याचं वर्णन छापलं, की चालताना, त्यातही चढावर किंवा जेवण झाल्या झाल्या चाललं की छातीत दुखतं आणि उभं राहिलं की थांबतं. आजही ते तसंच्या तसं लागू पडतं. दोन जिने चढले की छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर ते वय झाल्याचं लक्षण समजू नका, डॉक्टरला दाखवा. आणि तेच दुखणं बसल्या जागी यायला लागलं किंवा वाढत चाललं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

अटॅकमध्ये पेशंट "दुखतंय" म्हणेलच असं नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, जीव घाबरा होतोय असं काहीतरी सांगतो, आणि कुठे म्हणून विचारलं तर बोटाने एक जागा न दाखवता बऱ्याचदा अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. कळ हातात, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर जाते, सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप. डायबेटीसवाल्यांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात त्यामुळे त्यांना कळ न येता नुसता दम लागू शकतो, आणि बायकांमध्ये कधीकधी प्रचंड थकवा, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच पुढे येतं, मग घरचेच काय ती स्वतःसुद्धा "दगदग झाली असेल" म्हणून कामाला लागते.

पहाटेचे चार वाजलेत, पंखा फुल्ल आहे तरी बनियन घामाने चिंब, माणूस पलंगाच्या काठावर वाकून बसलाय आणि घरात ओव्याचं पाणी गरम होतंय. असा तासभर कित्येक घरांत जातो. ॲसिडिटीत जळजळ होते, आडवं झालं की वाढते हे खरं, पण घरी बसून दोन्हींतला फरक खात्रीने कोणालाच सांगता येत नाही, तो ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीतून कळतो. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही अटॅक असू शकतो, त्यामुळे दुखणं चालू असेल तर परत काढायला सांगा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करायचा. पेशंटला जिना उतरायला, गाडी चालवायला लावायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर विचारून ३०० मिग्रॅची गोळी चावून खायला देतात. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हार्टची गोळी) मात्र परस्पर देऊ नका, बीपी आधीच कमी असेल तर अजून कोसळतं. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज चुकीचा आहे. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं.

धमनी उघडायला अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनीत फुगा घालून ती मोकळी करणं, आणि ती जवळपास वेळेत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, ते पहिल्या १२ तासांतच आणि जितकं लवकर तितकं चांगलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, तेव्हा पैशांची जुळवाजुळव करत घरी थांबू नका.

एरवी सांभाळायचं म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासणं, आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ (पापड-लोणच्यातलं धरून), आणि तंबाखू पूर्ण बंद, बिडी-सिगरेटच नाही तर मळलेली चिमूट आणि मिश्रीसुद्धा. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला म्हणजे आजार गेला असं नसतं. बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानेच सोडल्या तर त्याच स्टेंटमध्ये परत गुठळी होऊ शकते.