कळीतला मसाला

लवंग म्हणजे उमलायच्या आधी खुडून वाळवलेली कळी. टोकावरचा गोल मणी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. गरम पाण्यात लवंग चांगली भिजली की त्या नखानं अलगद सोडवता येतात. आत दाटीवाटीनं बसलेले पुंकेसर दिसतात. तेव्हा बायकांच्या परफ्युमवर ‘स्पायसी फ्लोरल’ असं वाचून ‘फुलात मसाला कशाला?’ असं विचारायचं कारण नाही. फूल वेगळं नि मसाला वेगळा, ही वाटणी आपल्या स्वयंपाकघरानं केलेली.

लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के एकटं युजेनॉल हे वासाचं रसायन असतं. तेच कार्नेशनच्या फुलात, कृष्ण तुळशीत आणि गुलाबातही चिमूटभर असतं. म्हणून तर परफ्युमर कार्नेशनचा वास लवंग आणि गुलाब यांच्या घटकांतून उभा करतात.

अशा मसालेदार वासांना ‘उबदार’ म्हणतात. आता त्या शब्दाकडे येऊ. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला संकेश्वरी, ब्याडगी मिरच्या भाजायला घेतल्या की कोल्हापुरात अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे वास नव्हे. वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही नाकाच्या वरच्या भागात असतात. झोंबल्याची वर्दी देणारा मज्जातंतू निराळाच. त्याच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान ४३ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही उघडतं. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही, तो ‘भाजलं!’ म्हणून मोकळा होतो. १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं हे प्रथिन शोधलं. २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे.

याच्याच भावकीतलं टीआरपीव्ही-३ सौम्य उबेला जागं होतं आणि युजेनॉललाही. लवंग दाढेखाली धरून बघा: आधी ऊब, मग बधिरपणा. परफ्युममध्ये मात्र युजेनॉल इतकं थोडं असतं की नाक तापायचा प्रश्नच नाही. तिथली ऊब माझ्या मते आठवणीची. लवंग-दालचिनी आपल्याला कायम वाफाळत्या ताटातच भेटलेली. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला ती जरा जास्तच जाणवणार.

फुलांची बाजूही वाटते तितकी सोज्वळ नाही. महाद्वार रोडवर गजऱ्यांच्या टोपलीतून येणाऱ्या मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं. तेच इंडोल विष्ठेतही असतं, आणि घट्ट स्वरूपात नकोसंच वाटतं. पण काढून टाकलं तर मोगरा साबणासारखा मिळमिळीत होतो. आणि आपल्या मसाल्यातलं दगडफूल तर फूलच नव्हे; ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याच्याच कुळातलं ओकमॉस युरोपच्या परफ्युममध्ये तळाला बसून असतं.

दुकानात पहिल्या फवाऱ्यावर निकाल देऊ नका. लिंबूवर्गातलं लिमोनिन काही मिनिटांत उडून जातं. मग लवंग आणि फुलं बोलू लागतात. चंदनातलं सॅन्टॅलॉल जड, ते तासन् तास रेंगाळतं. मनगटावर मारा, रंकाळ्यावर एक चक्कर टाका, मग पैसे मोजा. त्वचा नाजूक असेल तर आधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा: युजेनॉलची काहींना अ‍ॅलर्जी असते, आणि युरोपात ठरावीक प्रमाणाच्या वर त्याचं नाव छापणं बंधनकारक आहे.