नोकरी मेळाव्याला आणि मुलाखतीला निघण्याआधी

(रेझ्युमे छापायला आणि झेरॉक्स काढायला आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींसाठी)

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. जोशी-बेडेकर, बांदोडकरची मुलं चालत येतात. ऐरोली, महापेकडे मुलाखतीला निघालेली मुलं गाडी पकडण्याआधी धावत येतात. कॅम्पसचे दिवस सुरू झाले की दिवसभरात कितीतरी रेझ्युमे आमच्या डोळ्यांखालून जातात. आम्ही नोकरी देणारे नाही आणि आमचा क्लासही नाही. पण छापताना जे सारखं दिसतं आणि मुलाखतीहून परतलेली मुलं जे सांगतात, ते एका जागी लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. रेझ्युमेवरच्या प्रत्येक ओळीबद्दल तुम्हाला दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. जिच्याबद्दल बोलता येणार नाही, ती ओळ छापण्याआधी आम्हाला काढायला सांगा. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

मित्राची फाइल, वर तुमचं नाव

बहुतेक रेझ्युमे मित्राच्या फाइलवर नाव बदलून तयार होतात. सुरुवातीला तोच ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद असतो, खाली तेच डिक्लरेशन असतं आणि कधीकधी तारीखही मागच्या वर्षीची राहिलेली असते. एका मुलाच्या फाइलमध्ये मित्राचाच मोबाइल नंबर राहून गेला होता आणि वीस प्रती छापून झाल्यावर ते लक्षात आलं. त्या प्रती तशाच मेळाव्यात वाटल्या गेल्या असत्या तर कंपनीचा फोन दुसऱ्याच घरी गेला असता. तेव्हापासून छापण्याआधी आम्ही प्रत्येकाला आपला नंबर आणि ईमेल मोठ्याने वाचायला लावतो. रांग असली तरी लावतो. कृपया रागावू नका.

दुसरा प्रकार म्हणजे लग्नाच्या बायोडेटाचा साचा. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची यातलं काहीच नोकरीच्या पहिल्या कागदावर लागत नाही. आधार नंबर तर मुळीच लिहू नका. मेळाव्यात तो कागद किती हातांतून जाईल याचा नेम नाही. पत्ताही पूर्ण नको, ‘कळवा, ठाणे’ एवढं पुरे.

मग लिहायचं काय? ‘काका, माझ्याकडे लिहायला काहीच नाही’ हे आम्ही रोज ऐकतो आणि ते जवळजवळ कधीच खरं नसतं. एक मुलगी असंच म्हणत होती. बोलता बोलता कळलं की तिच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब दोन वर्षं तीच एक्सेलमध्ये ठेवत होती. कोणाची वर्गणी आली, कोणाची राहिली, मांडववाल्याला किती आगाऊ दिले, शिल्लक किती, सगळं तिच्या शीटमध्ये होतं. रेझ्युमेवर मात्र तिने फक्त ‘एमएस ऑफिस’ असं लिहिलं होतं. आम्ही तिला ते हिशेबाचं काम एका ओळीत लिहायला सांगितलं. पुढे मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ओळीवर आले आणि सगळ्यात मोकळेपणी ती बोलली तेही त्याच विषयावर.

तुमचंही तसंच काही असेल. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात तुमच्याकडे कोणतं काम होतं, घरच्या पोळीभाजी केंद्राच्या ऑर्डर कोण सांभाळतं, शेजारच्या मुलांची शिकवणी किती मुलांची आणि किती वर्षं चालली, प्रोजेक्टमध्ये चौघांपैकी तुमच्या वाट्याला काय आलं. जिथे आकडा देता येतो तिथे द्या. ‘नेतृत्वगुण’, ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द काढले तरी काही बिघडत नाही. प्रोजेक्टबद्दल एक विनंती: ग्रुपचं काम असेल तर आपला भाग कुठला ते स्पष्ट लिहा. पहिला प्रश्न तोच येतो.

केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर लपवू नका. सुटली असेल तर कोणत्या सत्रात सुटली ते तोंडी सांगायची तयारी ठेवा. मार्कशीट पुढे मागितली जातेच. सीजीपीएची टक्केवारी मनाने काढू नका, विद्यापीठाचं जे सूत्र असेल त्यानेच काढा.

फाइल कशी द्यायची

मोठ्या कंपन्यांत तुमची फाइल माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकान्यांची रंगीत डिझाइनं, कौशल्यांपुढचे तारे आणि पट्ट्या, मजकुराच्या जागी लावलेली चित्रं त्याला नीट वाचता येत नाहीत. छापलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफ करून पाठवला तर अनेकदा त्यातलं एक अक्षरही वाचलं जात नाही. सरळ एका रकान्यात, एका पानावर, वर्डमधून थेट पीडीएफ करा. फाइलला ‘फायनल न्यू २’ असं नाव देऊ नका, स्वतःचं नाव आणि आडनाव द्या. आमच्याकडे येतानाही पीडीएफच आणा. वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ओळी हलतात आणि एका पानाची दोन पानं होतात.

कागद साधा ८० जीएसएमचा चालतो (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा जास्त तसा कागद जाड). १०० जीएसएमचा हाताला बरा लागतो, पण त्याने निकाल बदलत नाही. पैसे मोजून आलेल्या विद्यार्थ्याला महागडा कागद घ्या असं आम्ही म्हणणार नाही. रेझ्युमेला लॅमिनेशन तर आम्ही करूनच देत नाही, कारण त्यावर समोरच्याला पेनाने काही लिहिता येत नाही आणि लिहिणं हेच त्याचं काम असतं.

मेळाव्याच्या दिवशी

मेळाव्यात प्रत्येक टेबलावर तुम्हाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. येणाऱ्या कंपन्यांची यादी कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे आधी मिळते. शासनाच्या कौशल्य विकास विभागाचे रोजगार मेळावे असतील तर महास्वयं पोर्टलवर नोंदणी करून रिक्त जागा पाहता येतात. त्या यादीतल्या पाच-सहा कंपन्या निवडा आणि त्या नेमकं काय करतात ते वाचून जा. ‘तुमची कंपनी काय करते?’ हा प्रश्न टेबलावर विचारला की तुमची दोन मिनिटं तिथेच संपली म्हणून समजा.

आपली ओळख तीन वाक्यांत तयार ठेवा: काय शिकता, कोणतं काम हाताने केलं आहे, त्यांच्याकडे कोणत्या जागेसाठी आला आहात. सगळ्यात आवडत्या कंपनीकडे पहिल्यांदा जाऊ नका. एखाद्या दुसऱ्या टेबलावर जीभ मोकळी होऊ द्या, मग तिकडे जा. बोलणं झालं की बाजूला होऊन त्या व्यक्तीचं नाव आणि पुढे काय करायला सांगितलं ते वहीत टिपा. दहा टेबलं झाल्यावर सगळं एकात एक मिसळतं.

बहुतेक मेळावे पावसाळ्यातच पडतात, म्हणून चेनची प्लास्टिक फाइल घ्या. हॉलमध्ये गर्दीमुळे नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. पेन स्वतःचं न्या.

इंग्रजीची धास्ती

यावर थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त भीती आम्हाला याचीच दिसते. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंटरनेटवरची तयार उत्तरं छापून नेतात आणि गाडीत पाठ करतात. पाठ केलेलं उत्तर मधल्या एका प्रश्नाने तुटतं आणि मग सगळंच हरवतं. त्यापेक्षा घरी आधी मराठीत उत्तर द्या. ‘तुझ्या प्रोजेक्टबद्दल सांग’ असं आईने किंवा धाकट्या भावाने विचारलं तर काय सांगाल, ते खरोखर बोलून पाहा. त्यांना समजलं, तर मुद्दा तुमच्या डोक्यात पक्का आहे. मग तोच मुद्दा छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगा. एका वाक्यात एकच गोष्ट. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, नको वाटलं तरी ऐका. तीन-चार वेळांत आवाज स्थिरावतो.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगण्यात कमीपणा नाही. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा आणि जवळचं जे येतं ते सांगा. ग्राहकांशी बोलण्याच्या कामाला मराठी आणि हिंदी उत्तम येणं ही जमेची बाजू आहे. रेझ्युमेत भाषा लिहिताना ती शेवटी कोपऱ्यात टाकू नका.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं विचारतात. पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काम काय असेल, कोणाच्या हाताखाली असेल, शिफ्ट कोणती, एवढं जरूर विचारा.

वेळेवर पोहोचणं

पत्ता आदल्या दिवशीच नीट वाचा. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथले पत्ते रोड नंबर आणि प्लॉट नंबरने चालतात. रोड नंबर माहीत नसेल तर रिक्षावालाही गोंधळतो. महापेला जायचं तर कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून पुढे रिक्षा किंवा बस घ्यावी लागते, आणि ऑफिसच्या वेळेला तिथेही रांग असते. मोठ्या आयटी पार्कच्या गेटवर ओळखपत्र दाखवून पास घेण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. एकदा आधी जाऊन यायचं ठरवलंत तर कामाच्या दिवशी, त्याच वेळेला जा. रविवारी मेगाब्लॉकही असतो आणि खऱ्या गर्दीचा अंदाजही येत नाही.

कागदपत्रं

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. तेवढ्याने अडत नाही. पण स्पेलिंगमध्ये फरक असेल, वडिलांचं नाव एकीकडे असून दुसरीकडे नसेल, तर जॉइनिंगच्या वेळी धावपळ होते. तिसऱ्या वर्षातच सगळे कागद शेजारी ठेवून पाहा. पॅन नसेल तर आधारवरून प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर ई-पॅन फुकट मिळतं, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका, आम्हालाही नको. दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा.

आधारची प्रत द्यावीच लागली तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात. झेरॉक्सवर कोणासाठी, कशासाठी आणि तारीख हे आडवं लिहून सही करा. मूळ मार्कशीट कोणी ‘ठेवून घेतो’ म्हणालं तर देऊ नका. दाखवायची आणि परत घ्यायची.

पैसे मागितले तर आणि पैसे कळले तर

नोकरी लावण्यासाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी आधी पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवा. असं ऑफर लेटर छापायला आलेल्या मुलांना आम्ही दोनदा थांबवलं आहे, पण एकाचे पैसे तोवर गेले होते. त्याचा चेहरा अजून आठवतो. पैसे गेलेच तर वेळ न दवडता सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

खरं ऑफर लेटर आलं की ‘सीटीसी’ला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणार त्या एकूण खर्चाला, बाराने भागून घरी सांगू नका. समजा सीटीसी ३,००,००० आहे, म्हणजे महिन्याला २५,००० आणि मूळ पगार १२,५००. त्यावर पीएफ १२ टक्के, म्हणजे तुमचे १,५०० कापले जातात. कंपनी भरते ते १,५००ही बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, साधारण ६०० तसेच. शिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही. म्हणजे व्यवसाय कर धरून हातात साधारण २१,२०० येतात. विम्याचा हप्ता सीटीसीत असेल तर आणखी कमी. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम, ही ओळ सहीआधी घरच्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

आमच्याकडे येताना

दुकान सकाळी ८ ला उघडतं. मेळाव्याच्या दिवशी सकाळी आणि आदल्या संध्याकाळी फार गर्दी असते. दुपारी २ ते ४ या वेळेत आलात तर रेझ्युमे तुमच्याबरोबर बसून वाचायला आम्हाला सवड असते. फाइल व्हॉट्सॲपवर किंवा पेनड्राइव्हवर चालेल. काम झालं की ती तुमच्यासमोर आमच्या कॉम्प्युटरवरून पुसतो. गडबडीत विसरलो तर हक्काने आठवण करा. काउंटरच्या डाव्या हाताला मोबाइल चार्ज करायची सोय आहे.