जेजे पूल जागेवरच सरकतो

रात्री उशिरा, दुकानांची शटर्स पडल्यावर मोहम्मद अली रोडवर जेजे फ्लायओव्हरखाली उभे राहिलात, तर वरून एक ठेका ऐकू येतो. धडक-धडक, मग शांतता, पुन्हा धडक-धडक. पहिला ठोका गाडीच्या पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या. गाडी पुलाच्या सांध्यावरून गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुलाला लागून असलेल्या घरांमध्ये हा आवाज झोपमोड करतो आणि ती तक्रार रास्तच आहे. पण हे सांधे नसते, तर पूलच टिकला नसता.

क्रॉफर्ड मार्केटजवळून जेजे रुग्णालयापलीकडे जाणारा हा पूल २००२ साली सुरू झाला. लांबी सुमारे २.४ किलोमीटर. काँक्रीट १ अंश सेल्सिअसने तापले, की दर १० लाख भागांत साधारण १० भाग लांबते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पुलाच्या काँक्रीटच्या तापमानात २० अंशांचा फरक धरा. पूल सलग एकसंध ओतला असता, तर लांबीत ४८ सेंटीमीटरचा फरक पडला असता. म्हणजे दीड फूट! आणि दोन्ही टोके घट्ट आवळून ठेवली असती तर? थंडीत आकसू न शकलेल्या काँक्रीटमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ६० किलोच्या आसपास ताण आला असता. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याला फारसा सोसत नाही. याच्या निम्म्यातच त्याला तडे जातात.

म्हणून पूल तुकड्यांत बांधतात आणि दोन तुकड्यांमध्ये फट ठेवतात. ४० मीटरचा तुकडा २० अंशांना जेमतेम ८ मिलिमीटर हलतो. ही फट सांभाळणे सोपे.

पण हलायचे तर खांबावर चिकटून कसे चालेल? खालून नीट पाहा: खांबाचा माथा आणि वरची काँक्रीटची पेटी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते. तिथे बेअरिंग असते. उड्डाणपुलांवर सर्रास दिसणारा एक प्रकार म्हणजे रबराचे थर आणि त्यांत बसवलेले पोलादी पत्रे. टेबलावर खोडरबर ठेवा, वरून तळव्याने दाबा आणि हात थोडा सरकवा. खोडरबर तिरके होते, पण जागा सोडत नाही. नुसते रबर शेकडो टन वजनाखाली बाजूंनी फुगले असते. पत्रे ते फुगणे रोखतात, तिरके होणे मात्र रोखत नाहीत. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

बेअरिंग म्हातारे होते. सायनचा उड्डाणपूल २०२० च्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने बंद ठेवला होता तो यासाठीच. जॅक लावून पूल किंचित उचलायचा, जुने बेअरिंग काढायचे, नवे सरकवायचे आणि पूल पुन्हा टेकवायचा.

सांध्याचे दुखणे मात्र लवकर सुरू होते. फटीत रेती-कचरा भरतो, वरचे रबर फाटते, कधी नव्या डांबरीकरणात सांधाच बुजवला जातो. मग पुलाला हलायला जागा उरत नाही आणि पावसाचे पाणी झिरपत थेट बेअरिंगवर उतरते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पोलादाला एवढे निमित्त पुरते. पाऊस उघडून दोन दिवस झाले, जवळ पाण्याचा पाइपही नाही, आणि तरी खांबाच्या माथ्यावर ओलीचा काळा ओघळ ताजा असेल, तर बरोबर त्याच्या वरचा सांधा आधी तपासायला हवा.