दोन घरांचा कैदी

अफझलखानाच्या वधानंतर, जानेवारी 1660 च्या सुमारास, शिवाजी महाराजांचं सैन्य राजापूरपर्यंत आलं. खानाची गलबतं जैतापूरच्या खाडीत होती आणि मराठ्यांना ती हवी होती. राजापूरच्या वखारीतले इंग्रज म्हणाले, आमचं येणं आहे, त्यापोटी ती आमची. वाद मिटेना, तेव्हा मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा इंग्रज अशा दोघांना उचललं. गिफर्डची रवानगी खारेपाटणच्या किल्ल्यात झाली.

पुढच्या वर्षीचं कारण जास्त भक्कम होतं. पन्हाळ्याच्या वेढ्यात याच इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि स्वतःचं निशाण फडकवत गडावर गोळे टाकले. 1661 मध्ये राजापूरची वखार लुटली गेली. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. त्यांना सोनगडावर ठेवलं असताना निरोप आला: जंजिऱ्याच्या सिद्दीची दंडा-राजपुरी घ्यायला मदत करा, सुटाल. म्हणजे शिक्षा पन्हाळ्याची आणि सुटकेची किंमत सिद्दीविरुद्धची मदत. कैदी सुरतेला कंपनीच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणी लिहीत राहिले. तिथून उत्तर गेलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. तुम्ही कंपनीचा माल राखताना धरले गेला नाहीत, पन्हाळ्यावर जाऊन गोळे टाकलेत म्हणून तुरुंगात आहात, असा त्याचा रोख होता. आजारी रेव्हिंग्टनला आधी सोडलं, तो सुरतेत वारला. बाकीचे 1663 मध्ये सुटले. वखारीच्या भरपाईचं घोंगडं मात्र 1674 पर्यंत भिजत पडलं. राज्याभिषेकाच्या वेळच्या तहात 10,000 होन ठरले.

हे सगळं उघड होतं. कशासाठी धरलंय आणि काय दिलं तर सोडणार, दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. त्या काळी तो रिवाजच होता. 1979 मध्ये ओलीस धरण्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले. 52 जण 444 दिवस अडकले. त्यानंतर वकिलातीवर चाल करण्यापेक्षा सोपी वाट सापडली. माणूस विमानतळावर धरायचा, हेरगिरीचं कलम लावायचं, न्यायालयाचा शिक्का मारायचा. ओलीस हा शब्दही उच्चारायचा नाही.

या वाटेवर सगळ्यात आधी सापडतो तो दोन पासपोर्टवाला. 1930 च्या हेग कराराच्या चौथ्या कलमानुसार, एखादा माणूस दोन देशांचा नागरिक असेल, तर त्यातला एक देश दुसऱ्याविरुद्ध त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. दोन घरांतल्या माणसाला एका घरात मार पडला, तर दुसऱ्या घरानं दार वाजवायचं नाही, असं काहीसं. हा नियम पुढे बराच सैल झाला. पण इराण दुसरं नागरिकत्व मुळात मानतच नाही, त्यामुळे अशा कैद्याला भेटायची परवानगी मागणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला तिथे थारा मिळत नाही.

नाझनीन झगारी-रॅटक्लिफ या ब्रिटिश-इराणी बाई नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, लेकीसह माहेरी गेल्या होत्या. गणपतीला मुंबईचा चाकरमानी गावी येतो, तसंच म्हणा. परतताना, 3 एप्रिल 2016 ला, तेहरानच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती, ती आजीआजोबांकडे राहिली. मागे होतं एक जुनं येणं: शहाच्या काळात इराणनं ब्रिटनकडून चीफटन रणगाडे मागवून आगाऊ पैसे भरले होते. 1979 च्या क्रांतीनंतर ब्रिटननं रणगाडे थांबवले, पैसेही ठेवून घेतले. मार्च 2019 मध्ये ब्रिटननं रीतसर राजनैतिक संरक्षण जाहीर केलं, इराणनं ते जुमानलं नाही. मार्च 2022 मध्ये सुमारे 39 कोटी 38 लाख पौंड चुकते झाले आणि बाई घरी पोचल्या. दोन्ही सरकारं या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं सांगत. ज्याला पटेल त्यानं पटवून घ्यावं. माझ्या मते ब्रिटननं देणं वेळेवर फेडलं असतं तर मुळात सौद्याला हत्यारच उरलं नसतं.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीयत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं, 2005 नंतरचं ओसीआय कार्ड व्हिसाचा त्रास वाचवतं, पण नागरिकत्व देत नाही. रत्नागिरीत जन्मून लंडनचा झालेला माणूस तिसऱ्या देशात अडकला, तर दार वाजवणार ब्रिटिश वकिलात. गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता आहे, तिथे हा हिशेब घरोघरी होतो.

नागरिकत्वाचा मुद्दा कुठे कामाला येतो हे पाकिस्ताननं हेरगिरीच्या आरोपाखाली धरलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात दिसलं. त्यांच्याकडे दुसऱ्या नावाचा पासपोर्ट सापडल्याचं सांगत पाकिस्ताननं भारतीयत्वावरच बोट ठेवलं. 17 जुलै 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ती शंका फेटाळली आणि कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांशी भेटू देण्याच्या, 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36व्या कलमाचा भंग झाल्याचा निकाल दिला.

कोकणात मात्र पासपोर्टपेक्षा सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची, गोष्ट जास्त निघते. ‘पोरगा बोटीवर आहे’ असं ज्या घरांत सांगितलं जातं, तिथे बोटीचा झेंडा कोणाचा आणि मालक कुठला, हे फार कोणी विचारत नाही. बोटीलाही दोन-तीन देश असतात आणि भांडण त्यांतल्या कोणाचंही असू शकतं. 4 जुलै 2019 ला जिब्राल्टरजवळ ब्रिटिश नौसैनिकांनी ग्रेस-1 हा इराणी तेल नेणारा टँकर धरला. पंधरा दिवसांनी, 19 जुलैला, इराणनं होर्मुझच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश झेंड्याचा स्टेना इम्पेरो धरला. ग्रेस-1 ऑगस्टमध्ये सुटला, स्टेना इम्पेरो सप्टेंबरच्या शेवटी. भांडण लंडन आणि तेहरानचं होतं. ग्रेस-1 वर 24 भारतीय होते आणि स्टेना इम्पेरोवर 18.